जनरल वॅडलींचे तीन घोडे

जनरल लिअँडर वॅडली यांच्या अंगाखाली उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धात तीन घोडे ठार झाले, ही गोष्ट दक्षिणेतल्या टॅलो बेंड गावातलं पोर बोलायला लागलं की लगेच शिकायचं. आधी 'आई', मग 'दूध', मग 'यँकी वाईट', आणि त्याच्या पाठोपाठ हे तीन घोडे. तिसऱ्याचं नाव सॅलॅडिन. तो पडला तेव्हा जनरलसाहेबांनी त्याच्या मानेवर हात ठेवून शपथ घेतली होती, की यापुढे दुसऱ्या कुठल्याही घोड्यावर मांड ठोकणार नाही.

जनरलसाहेबांची नातसून ऑगस्टा हिला लग्न होऊन या घरात येऊन सात वर्षं झाली होती. या सात वर्षांत तिनं आजेसासऱ्यांना घोड्यावर बसलेलं तर सोडाच, घोड्याच्या जवळ उभं राहिलेलंही पाहिलं नव्हतं. दोनशे पावलांवरच्या चर्चला ते बग्गीनं जायचे, आणि उतार लागला की बग्गीतही डोळे मिटून घ्यायचे. लोक म्हणायचे, किती भाविक माणूस. ऑगस्टाला ते डोळे भाविक वाटायचे नाहीत. तिची मुलगी लोटी एरंडेल पिताना अगदी तसेच डोळे मिटायची.

पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तिची सगळी नजर लोटीवर असायची. लोटीला पाच वर्षं पूर्ण झाली होती, तरी विहिरीच्या झाकणावरचे दोन दगड ऑगस्टानं काढले नव्हते. सशाच्या बिळात साप असतो, कलिंगडाच्या बीनं श्वास अडकतो, शेजारच्यांच्या बदकाच्या चोचीला धार असते, हे सगळं तिला ठाऊक होतं. नवरा, हॉरेस, म्हणायचा, "कॉलेजात तुला काय शिकवलं गं, घाबरायला?" ती म्हणायची, "बघायला."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात युद्धस्मारक मंडळाच्या अध्यक्षा मिसेस क्रेनशॉ घरी आल्या. आल्या त्या रुमाल हातात घेऊनच.

"अगं ऑगस्टा, ठरलं! यंदाच्या स्मृतिदिनाला जनरलसाहेब स्वतः घोड्यावर बसून मिरवणुकीच्या पुढे. आणि खोगिरावर त्यांच्या पुढ्यात कोण? आपली लोटी! पांढरा फ्रॉक, हातात झेंडा. बाई गं, मला आत्ताच भरून येतंय."

"घोड्यावर?" ऑगस्टा म्हणाली. "पण आजोबांची शपथ..."

"तीच तर मोडायची! त्रेचाळीस वर्षांनी! त्यांच्या पुतळ्यासाठी शिल्पकारही येणारेय बघायला. माणूस उत्तरेचा आहे, पण करता काय, ओतकाम त्यांनाच जमतं. फ्रॉक शिवायला टाकलासुद्धा."

जनरलसाहेब टेबलाशी बसून ताकात मक्याचा पाव कुस्करून खात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढरी दाढी छातीपर्यंत. त्यांनी मान ताठ केली.

"लोकांची इच्छा असेल तर," ते म्हणाले, "एका सैनिकाची शपथ ती काय!"

मिसेस क्रेनशॉंना रडू आवरेना. आणि त्या हुंदक्यांच्या आड, पेल्याच्या काठावर चमचा टिणटिण वाजत राहिला. तो आवाज फक्त ऑगस्टाला ऐकू आला.

संध्याकाळी ती लोटीला घेऊन तबेल्यापर्यंत फिरून आली. मिरवणुकीसाठी ठरलेला घोडा करड्या रंगाचा होता, नाव ड्यूक. त्याची पाठ ऑगस्टाच्या कपाळाला लागत होती. लोटीचं डोकं रिकिबीपर्यंतही पोचत नव्हतं. ड्यूकनं नुसतं नाक फेंदारलं तर बादली उलटली.

जनरलसाहेबांची कारकीर्द ऑगस्टाला तोंडपाठ होती, कारण गेला अख्खा हिवाळा तीच त्यांच्या आठवणी टाइप करत होती. कॉलेजात शिकलेली सून घरात असताना पगारी कारकून कशाला, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. त्या आठवणींप्रमाणे वॅडली युद्धात थेट कॅप्टन म्हणूनच शिरले, कारण कंपनीचे गणवेश त्यांच्या वडिलांनी शिवून दिले होते. हॅकबेरीच्या ओढ्याच्या लढाईत त्यांनी पलटण ओढ्याच्या चुकीच्या काठानं नेली. या कूचाला आठवणींत 'शत्रूच्या बगलेवर अनपेक्षित दबाव' असं नाव होतं. तो इतका अनपेक्षित होता, की शत्रूला त्याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. बासष्ट सालची हगवण 'हिवाळी मोहिमेची आखणी' या नावाखाली आली होती. पायातलं लंगडणं हे तोफेच्या गोळ्याचं होतं. वारलेल्या आजेसासूबाईंच्या एका जुन्या पत्रात मात्र ते ओसरीच्या पायरीचं होतं.

आणि जनरलपद? त्याचा हुकूम त्यांच्या हातात पडला तेव्हा हुकूम काढणारं दक्षिणेचं सरकार पळत सुटलं होतं. आठवड्याभरात ते सरकारच उरलं नाही. त्यामुळे तो हुकूम रद्द करायलाही कुणी उरलं नाही.

"आजोबा," तिनं एकदा यंत्र थांबवून विचारलं होतं, "पाचव्या प्रकरणात सकाळी दहा वाजता तुम्ही ओढ्यावर चाल करताय. सहाव्यात त्याच सकाळी दहा वाजता वीस मैल मागे मावशीकडे नाश्ता करताय."

"युद्धात वेळेचा फार गोंधळ असतो, सूनबाई. कॉलेजात हे शिकवत नाहीत."

युद्ध कशासाठी झालं यावर बारा पानं होती. त्यात इज्जत होती, माती होती, मॅग्नोलियाची झाडं होती. 'गुलाम' हा शब्द एकदाही नव्हता. तो होता शेवटी, युद्धापूर्वीच्या मालमत्तेच्या यादीत, खेचरांच्या खालच्या ओळीत. तिथेच लिहिलं होतं: शेड्रॅक, वय सतरा, घोड्यांच्या कामात तरबेज.

तो शेड्रॅक आता चौसष्टचा होता आणि गावच्या त्याच तबेल्यात काम करत होता. दुसऱ्या दिवशी ऑगस्टा एकटीच तिकडे गेली. तो ड्यूकला खरारा करत होता.

"शेड्रॅक, ते तीन घोडे खरंच मेले?"

"मेले, बाईसाहेब. तिन्ही गुणी होते."

"आजोबांच्या अंगाखाली?"

खरारा चालूच राहिला. "बाईसाहेब, तुम्ही विचारताय का लिहिताय?"

"विचारतेय. माझी मुलगी बसायचीय या घोड्यावर."

तेव्हा त्यानं ब्रश खाली ठेवला. दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि विजारीचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीत लिंबाएवढी गाठ होती. "हा पहिला," तो म्हणाला. मग बाही सरकवली. "हा दुसरा. तिसऱ्याची खूण पाठीवर आहे, ती काही तुम्हाला दाखवण्यासारखी नाही."

ऑगस्टा खाली बसली. बसायला उलटी बादली होती, तिच्यावरच.

"आणि आजोबा?"

"जखमींना न्यायच्या गाडीत. पोटाचं निमित्त. घोडा दिसला की त्यांना दरदरून घाम फुटायचा, लहानपणापासून. पण फौजेला घोड्यावर बसलेला साहेब दिसायला पाहिजे ना! मग त्यांचा कोट माझ्या अंगात, शहामृगाच्या पिसाची टोपी माझ्या डोक्यावर. लांबून, धुरातून एक चक्कर मारायची, हात वर करायचा, परत यायचं. माणसाला कोण बघतंय? टोपी बघतात सगळे."

"पण आठवणींत तर असं आहे, की जनरल एकटेच शत्रूच्या रांगेवर चालून गेले. तीनही वेळा. सगळ्या फौजेनं पाहिलं म्हणे."

शेड्रॅक हसला, पण अगदी थोडंसं. "चालून नव्हतो गेलो, बाईसाहेब. निघून चाललो होतो. पलीकडे उत्तरेचे यँकी होते, आणि पलीकडे गेलेला माणूस कुणाच्या मालकीचा नसतो, असं ऐकलं होतं. तीनदा निघालो. तीनदा त्यांना दिसला तो दक्षिणेचा मोठा साहेब, पिसाची टोपी घालून अंगावर येणारा. मग काय करतील ते? टोपी आधी फेकायची, एवढी अक्कल मला उशिरा आली."

ड्यूकनं शेपटी मारली.

"मी काही बोललो नाही," शेड्रॅक म्हणाला.

"मी काही ऐकलं नाही," ऑगस्टा म्हणाली. आणि हे या गावात किती खरं असायला हवं, ते तिला नीट कळत होतं. अशा गोष्टी ज्यांच्या तोंडून निघाल्या, ती माणसं गावात फार दिवस दिसत नसत. गावात पोलिस म्हणजे शेरीफ, आणि त्याचीच बायको मंडळाची चिटणीस होती. म्हणजे खरं सांगून लोटीला वाचवायची वाट बंद झाली.

तिनं बाकीच्या वाटा धुंडाळल्या. हॉरेसला सांगितलं, की आजोबा पडतील.

"पडले तर रुबाबात पडतील," वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

"त्यांच्या पुढ्यात लोटी असेल, हॉरेस."

"वॅडलीची मुलगी आहे ती. तीन घोडे मेले, आजोबा अजून उभे आहेत की नाही?"

मिसेस क्रेनशॉंना तिनं सांगितलं, की लोटीला खोकला आहे. त्यांनी सलगमाचा रस आणि मध पाठवून दिला. लोटीनं तो पिऊन टाकला आणि फ्रॉक घालून आरशासमोर "हुर्रा" म्हणत फिरत राहिली.

शेवटी, स्मृतिदिनाला पाच दिवस उरले असताना, ती सरळ जनरलसाहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"आजोबा, तुम्हाला घोड्याची भीती वाटते."

"काय बोलतेस!" दाढी थरथरली. "मी? हॅकबेरीला..."

"हॅकबेरीला कोण होतं ते मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. मला फक्त लोटी हवीय. अख्खी."

जनरलसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. अंगणात लोटी झाडूच्या दांड्यावर स्वार होऊन कोंबड्यांवर चाल करत होती. म्हाताऱ्यानं खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला.

"सहा वर्षांचा होतो. वडिलांनी खेचरावर बसवलं आणि चाबूक मारला. अजून झोपेत पडतो मी त्यावरून." मग म्हणाला, "काही वाट आहे का गं, पोरी?"

ऑगस्टाला कीव आली. पण राग त्याच्या आधी आला होता, आणि तो तसाच राहिला. कारण या भीतीपायी एका कोवळ्या पोराला तीनदा गोळी लागली होती. पण राग घेऊन काय करायचं ते तिला त्या घटकेला सुचेना. लोटीचं काय करायचं ते मात्र सुचलं. ती यंत्रापाशी गेली, कागद चढवला आणि सातवं प्रकरण पुन्हा लिहिलं.

सव्वीस एप्रिलला कब्रस्तानाच्या फाटकासमोर सगळं गाव जमलं. बँड होता, केक होते, लिंबू सरबताचं पिंप होतं. शिल्पकार वही घेऊन एका बाजूला उभा होता आणि आपल्या बोलण्यावरून आपण कुठले ते कळू नये म्हणून काहीच बोलत नव्हता. मंडळाच्या विनंतीवरून कार्यक्रमाची सुरुवात जनरलसाहेबांच्या अप्रकाशित आठवणींतल्या एका उताऱ्यानं झाली. मिसेस क्रेनशॉंनी तो वाचला. त्यात हॅकबेरीच्या ओढ्याकाठी जखमी शिपाई पायी खुरडत चाललेला पाहून जनरल घोड्यावरून उतरतात, लगाम त्याच्या हाती देतात आणि म्हणतात, "माझा एकही जवान पायी चालत असेल तर मी घोड्यावर बसणार नाही." तिन्ही लढायांत त्यांनी हेच केलं, असं पुढे होतं. म्हणून तर तीन घोडे मेले आणि जनरल वाचले. हा खुलासा इतका सोयीचा होता, की आपल्याला तो आधीपासूनच ठाऊक होता असं चार-पाच म्हाताऱ्यांना तिथल्या तिथे आठवलं.

मग शेड्रॅकनं ड्यूकला पुढे आणलं. चढायचा लाकडी ओटा मांडला. लोटी पांढऱ्या फ्रॉकमध्ये हात वर करून उभी, कुणीतरी उचलायची वाट बघत. ऑगस्टाचा हात तिच्या पट्ट्यात मागून घट्ट अडकलेला.

जनरलसाहेबांनी ओट्यावर एक पाय ठेवला. घोड्याकडे पाहिलं. चेहरा पिठासारखा झाला. ऑगस्टा मनात म्हणाली, बोला, आजोबा, आता बोला.

जनरलसाहेबांनी पाय खाली घेतला. पिसाची टोपी काढली, ती शेड्रॅकच्या हातात कोंबली आणि माजी सैनिकांच्या बाकाकडे बोट केलं. तिथे एझ्रा पिकेन्स बसला होता, जनरलच्याच पलटणीतला, मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेला.

"माझा जवान पायी चालत असेल," जनरलसाहेब गर्जले, "तर मी घोड्यावर बसणार नाही! एझ्रा, घोडा तुझा!"

बायका ओक्साबोक्शी रडल्या.

"मला काय करायचाय घोडा?" एझ्रा म्हणाला. "सरबत द्या, कधीचा सांगतोय."

पण ते कुणी ऐकलं नाही. जनरलसाहेबांनी लोटीचं बोट धरलं आणि दोघं पायी निघाली. म्हाताऱ्याच्या चालीत असा काही हुरूप होता, की लंगडायचंही राहून गेलं. ऑगस्टानं श्वास सोडला. लोटीचे दोन्ही पाय जमिनीवर होते. एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात बँडवाल्यानं मोठा ढोल वाजवला.

ड्यूक मागच्या दोन पायांवर उभा राहिला. लोक किंचाळत पांगले, केकचं टेबल आडवं झालं. ड्यूकचे पुढचे खूर ज्या जागी आदळले, तिथे घटकेपूर्वी लोटी उभी होती. शेड्रॅकच्या एका हातात लगाम होता, दुसऱ्यात टोपी. टोपी खाली टाकावी तर जनरलची. त्यानं ती डोक्यावर घातली, आयाळ पकडली आणि चौसष्ट वर्षांचा माणूस एका झेपेत खोगिरात बसला. घोड्यानं दोनदा गिरकी घेतली. त्यानं हात वर केला, गुडघे आवळले, आणि दोघं धुळीच्या लोटातून फाटकाबाहेर निघून गेली.

बाकावरून एझ्रा पिकेन्स उठून उभा राहिला होता. दुधाळ डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तो बघा! तो बघा जनरल!" तो ओरडला. "हॅकबेरीला अस्साच बसला होता! असाच हात वर! अरे, मी होतो तिथे! मी पाहिलाय!"

मग सगळं गाव हसलं.

"बिचारा एझ्रा," मिसेस क्रेनशॉ म्हणाल्या. "डोळे गेले, आता डोकंही."

जनरलसाहेब मात्र हसले नाहीत. ते फाटकाकडे पाठ करून उभे राहिले होते. आणि शेरीफही हसला नव्हता. "काळ्या माणसाच्या डोक्यावर जनरलची टोपी," तो दातांतून म्हणाला, आणि त्याच्या आजूबाजूच्या दोघा-तिघांचं हसू थांबलं.

ऑगस्टानं ते पाहिलं. पाहायचं तर ती शिकलेलीच होती. ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आजोबा, बरं झालं तुम्ही टोपी त्याच्या स्वाधीन केलीत! मातीत पडू दिली नाही त्यानं. किती निष्ठावान आहे!"

जनरलसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. मग ते घसा खाकरून म्हणाले, "हो. माझ्याच हुकमानं."

'निष्ठावान' हा शब्द गर्दीत फिरला तसे चेहरे सैल झाले. शेरीफची बायको रडू लागली, मग शेरीफनंही केकचा तुकडा उचलला. आपण एका माणसाला वाचवलं की पुन्हा त्या खेचरांखालच्या ओळीत नेऊन बसवलं, हे ऑगस्टाला नीट कळेना. तासाभरानं शेड्रॅक परतला तेव्हा टोपी हातात होती आणि घोडा घामानं भिजलेला. उत्तरेच्या रस्त्याची तांबडी धूळ दोघांच्या अंगावर होती. जवळून जाताना तो तिला एवढंच म्हणाला, "चांगलं लिहिता, बाईसाहेब."

पुढच्या वर्षी पुतळा उभा राहिला. जनरल पायी, हातात लगाम, शेजारी कांस्याचा घोडा, खोगीर रिकामं. सातवं प्रकरण शाळेच्या वाचनपुस्तकात गेलं. शेड्रॅकला मंडळानं सणाच्या दिवशी घालायला दक्षिणेच्या फौजेचा करडा कोट दिला, आणि तो घोड्याचा लगाम धरून दरवर्षी मिरवणुकीच्या शेवटी चालू लागला.

त्या वर्षी स्मृतिदिनाला चौथऱ्यावर लोटीला उभं केलं होतं. चौथरा चांगला चार फूट उंच. ऑगस्टा खाली हात पसरून उभी होती, सवयीनं. लोटीनं गर्दीकडे पाहिलं, रिकाम्या खोगिराकडे पाहिलं, मग दूर शेवटाला उभ्या असलेल्या करड्या कोटाकडे. गेल्या वर्षी ड्यूकवर कोण बसलं होतं ते तिनं पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती एकच विचारत होती, "आई, एझ्राआजोबांना सगळे का हसले?" आणि ऑगस्टा म्हणाली होती, "त्यांना नीट दिसत नाही म्हणून."

लोटीनं श्वास घेतला आणि सातवं प्रकरण म्हणायला सुरुवात केली. ओढा, जखमी शिपाई, लगाम. आवाज खणखणीत होता. खाली उभ्या असलेल्या ऑगस्टाला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, पोरीनं कुठेतरी अडखळावं.

लोटीनं सगळा उतारा म्हणून दाखवला. एकही चूक केली नाही.